केमो सुरू व्हायला १२ दिवस आहेत, बहिणीची स्त्रीबीजं ठेवायला वेळ आहे का?

पिंपळगावची_ताई

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय इथे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी धाकटी बहीण, वय २९, ओझरला दिली आहे, लग्नाला दीड वर्ष झालंय, मूल नाही अजून. दिवाळीनंतर आंघोळ करताना तिच्याच हाताला छातीत गाठ लागली. सगळे म्हणाले दुधाची गाठ असेल, अरे पण हिला मूलच नाही तर दुधाची गाठ येईल कुठून, मीच भांडून नाशिकला नेलं. बायोप्सी झाली आणि ब्रेस्ट कॅन्सर निघाला. रिपोर्टमध्ये ई.आर. पॉझिटिव्ह (म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारा), हर टू निगेटिव्ह (हर टू नावाचं प्रोटीन जास्त नाही) असं आहे. स्कॅनमध्ये बाकी कुठे पसरलेलं नाही. आता आधी आठ केमो, मग ऑपरेशन, मग शेक म्हणजे रेडिएशन आणि मग त्या हार्मोनला अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं असं सांगितलंय.

रक्त द्यायच्या लायनीत एक बाई बसल्या होत्या, त्यांनी हळूच विचारलं मूलबाळ आहे का, मी नाही म्हटलं तर म्हणाल्या मग केमोच्या आधीच बीज ठेवायचं विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो. माझ्या पायाखालची जमीनच सरकली कारण तोपर्यंत हा विषय कोणीच काढला नव्हता. डॉक्टरांना विचारलं तर ते घाईत होते, तरुण आहे, पाळी येईल परत, आत्ता ते डोक्यात घेऊ नका म्हणाले.

घरात वेगळंच. आई म्हणते पोरगी जगू दे आधी, गडावर सप्तशृंगीला नवस बोललीये. तिच्या सासूबाई म्हणतात हार्मोनची इंजेक्शनं घेतली तर दुखणं अजून वाढेल. जावई काहीच बोलत नाहीत, नुसते फाईल घेऊन उभे राहतात. बाबांचा माल अजून बागेतच आहे, काढणीला महिना तरी आहे, त्यामुळे पैशाचंही टेन्शन आहे.

१२ दिवसात हे होतं का? कॅन्सर वाढतो का त्याने? आणि खरंच गरज आहे का, की पाळी परत आली की सगळं नीट होतं? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा, झोप लागत नाहीये.

केमोवॉर्डची_सिस्टर

ताई, आधी पाणी पी. मी २६ वर्षं केमोच्या वॉर्डात काम केलंय, गेल्या वर्षी रिटायर झाले. १२ दिवस कमी आहेत पण संपलेले नाहीत, बहुतेक वेळा एवढ्यात बसतं. मात्र उद्याच हालचाल करायची, सोमवारची वाट बघायची नाही.

असं का होतं ते सांगते म्हणजे घरी समजावता येईल. पुरुषाचं बीज आयुष्यभर नवीन तयार होत राहतं, बाईचं तसं नाही. मुलगी जन्माला येते तेव्हाच ओव्हरीत दहा-वीस लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आणि पुढे तीच कमी कमी होत जातात. कणगी एकदाच भरलेली, परत भरत नाही. केमोची काही औषधं ह्या साठ्यावरच घाव घालतात. तुझ्या बहिणीला पहिले चार डोस बहुतेक लाल औषधाचे असतील, सगळे पेशंट त्या लाल रंगालाच घाबरतात, पण ओव्हरीला जास्त त्रास देणारं औषध त्याच दिवशी सोबत जातं ते बिनरंगाचं, सायक्लोफॉस्फामाइड, आम्ही एन्डोक्सान म्हणायचो. त्या जातीची औषधं बीजांसाठी सगळ्यात वाईट. एकूण डोस किती आणि वय किती ह्यावर सगळं आहे. तिशीच्या आतल्या बऱ्याच जणींची पाळी परत येते हे डॉक्टरांचं खरं आहे, चाळिशीजवळच्या बाईची पुष्कळदा कायमची जाते.

पण पाळी परत येणं म्हणजे साठा परत येणं नाही गं. साठा मधल्या मध्ये आटलेला असतो, पाळी येत राहते आणि पाळी जायचं वय मात्र काही वर्षांनी अलीकडे सरकतं. त्यात हिला नंतर पाच वर्षं गोळी आहे. गोळी बीजं मारत नाही, पण ती चालू असताना दिवस राहून चालत नाही, बाळाला व्यंग येऊ शकतं. म्हणजे केमोने साठा कमी आणि गोळीत वर्षं गेली, दोन्ही बाजूंनी मार. म्हणून त्या लायनीतल्या बाई बरोबर बोलल्या.

उद्या ए.एम.एच. ची रक्ततपासणी सांग करायला, आणि ओव्हरीची सोनोग्राफी. साठा आत्ता किती आहे ते कळेल.

आणि एक विचारते, राग मानू नको. तू एवढं लिहिलंस, त्यात आई काय म्हणते ते आहे, सासूबाई काय म्हणतात ते आहे, जावई गप्प आहेत तेही आहे. बहिणीला काय हवंय ते एका ओळीतही नाही. विचारलंस का तिला?

मुंबईनाका_९०

ताई मी हे केलंय म्हणून सविस्तर लिहिते. २०२१ मध्ये, वय ३१, माझाही ई.आर. पॉझिटिव्हच. नाशिकमध्येच केलं, मुंबईला जावं लागलं नाही.

आधी भीती घालवते. पूर्वी पाळीच्या दुसऱ्या दिवसापासूनच इंजेक्शनं सुरू करायचे त्यामुळे कधी कधी महिना जायचा. आता पाळीचा कुठलाही दिवस असो, सुरू करतात. मला पाळी होऊन सोळा दिवस झाले होते, त्याच संध्याकाळी पहिलं इंजेक्शन घेतलं. रोज पोटावर, बारीक सुई, ११ दिवस. दिवसाआड सोनोग्राफी आणि रक्त. मग बाराव्या-तेराव्या दिवशी थोडी भूल देऊन खालच्या मार्गाने सुई घालून बीजं काढली, पोटाला कट नाही, टाका नाही, अर्ध्या तासात बाहेर आणि संध्याकाळी घरी. चौथ्या दिवशी केमो लागली. तुमच्या १२ दिवसांचे फार तर १५-१६ होतील, कॅन्सरच्या डॉक्टरांना तेवढंच विचारायचं की चार दिवस पुढे घेतलं तर चालेल का. ब्रेस्टमध्ये बऱ्याचदा हो म्हणतात. ब्लड कॅन्सरसारख्या आजारात केमो त्याच दिवशी लावावी लागते तिथे हे जमत नाही.

तुमच्या बहिणीच्या सासूबाईंना जी भीती आहे ना तीच माझ्या आईला होती. इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन वाढतं हे खरं आहे, म्हणून आमच्यासारख्यांना सोबत लेट्रोझोलची गोळी देतात, ती इस्ट्रोजेन दाबून ठेवते. आजपर्यंत जेवढा अभ्यास झालाय त्यात अशा पद्धतीने बीजं काढल्याने कॅन्सर परत यायचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला ते. बीज ठेवायचं की नवऱ्याच्या बीजाशी मिळवून गर्भ ठेवायचा. क्लिनिकमध्ये लग्न झालंय म्हटलं की सरळ गर्भच ठेवू म्हणतात. पण गर्भ दोघांचा, त्यावर दोघांची सही, उद्या काही बिनसलं तर एकटीला वापरता येत नाही. बीज फक्त तिचं. ह्यात कोणावर संशय घ्यायचा प्रश्न नाही, पण आजारपणात माणसं कशी वागतात ते मी वॉर्डात बघितलंय. मी नवऱ्याला समोर बसवून बोलले आणि बीजंच ठेवली. आमचा संसार व्यवस्थित चालू आहे, त्यानेच मला त्या दिवशी स्कूटरवरून घरी आणलं.

२०२१ च्या कायद्यानंतर ह्या सेंटरना सरकारी नोंदणी लागते, तो नंबर मागून घ्या, कॉलेज रोड गंगापूर रोडला पाट्या पुष्कळ दिसतात. कायद्याने दहा वर्षं ठेवता येतात. आणि आधी कॅन्सरच्या किती बायकांचं केलंय ते तोंडावर विचारा, लाजू नका.

खर्च मला औषधांसकट एक लाख ऐंशी हजारच्या आसपास आला, शिवाय दरवर्षी ठेवायचं भाडं वेगळं. मेडिक्लेमने नाही दिले, वंध्यत्वाचे उपचार बहुतेक पॉलिसीत वगळलेलेच असतात, आणि हे त्यातच धरतात. मला हे फार लागलं. केसाच्या टोपापासून सगळ्याचा विचार होतो आणि ज्या औषधाने बीजं जाणार त्याच औषधाचे पैसे मिळतात, बीजं वाचवायचे मिळत नाहीत. एक करा, इंजेक्शनं बऱ्याच कंपन्यांची येतात, किमतीत खूप फरक असतो, स्वस्तातली चालतील का असं सरळ विचारा, माझे पंचवीस हजार त्यातच वाचले.

खोटी आशा मात्र देणार नाही. माझी ९ बीजं मिळाली. गोळी दोन वर्षं घेतली, मग डॉक्टरांशी बोलून थांबवली. ह्यावर एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये आलाय, पाचशेवर बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मुलासाठी जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवली, पुढच्या तीन वर्षांत शंभरात साधारण नऊ जणींचा कॅन्सर परतला, न थांबवणाऱ्यांमध्येही जवळपास तेवढाच. त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त बायकांना मूल झालं. पण तीन वर्षं म्हणजे थोडीच आहेत, पुढचं अजून बघतायत, हे माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गोळी थांबवली की तीन महिने जाऊ द्यायचे, मग प्रयत्न. माझी ९ पैकी ७ बीजं नीट निघाली, तीन गर्भ झाले, पहिला टिकला नाही. दोन आहेत अजून. रडले खूप, पण ते दोन आहेत ना, त्यावर मी उभी आहे.

दिंडोरीरोड

माझं वेगळं आहे पण लिहिते. मला २०१३ मध्ये मानेत गाठ, हॉजकिन्स लिम्फोमा म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर, वय २२. सहा महिने ए.बी.व्ही.डी. नावाची केमो. कोणी काही सांगितलं नाही, आईने विचारलं पण नाही कारण आईला एवढंच वाटत होतं की लग्न कसं जमेल. पाळी चार-पाच महिने गेली आणि आली परत. स्थळं आली की आत्या म्हणायची सांगू नका. मी सांगितलं, दोन ठिकाणचे उठून गेले, तिसऱ्याने चहा पूर्ण पिऊन विचारलं आता बरी आहेस ना. २०२० मध्ये मुलगी झाली, काही न करता. पण माझं औषध ओव्हरीला तसं सौम्य होतं म्हणून झालं हे मला नंतर कळलं. त्याच आजारात जास्त कडक केमो लागते तिथे असं होईलच असं नाही. त्यामुळे "अमकीला झालं ना मूल" असं कोणी म्हणालं तर कुठल्या औषधावर झालं ते विचारा.

जुनं_सिडको

वाचून हात थरथरतोय. मला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा मी ३३ ची. ऑपरेशनच्या पुढे गेलेला होता, म्हणून पाच आठवडे रोज शेक, २५ वेळा, सोबत केमो, आणि नंतर आतून शेक. मला एक मुलगा होता तेव्हा सहा वर्षांचा. एक मुलगा आहे म्हटल्यावर हा प्रश्न कोणी मनातही आणला नाही, डॉक्टरांनी नाही, नवऱ्याने नाही, सासूने तर नाहीच. मला दुसरं हवं होतं. मुलगी हवी होती. ते मी आजच लिहितेय, ११ वर्षांनी.

पोटाच्या खालच्या भागाला शेक दिला की ओव्हरी फार थोड्या डोसला मरते, आणि गर्भपिशवीसुद्धा आखडते, तिचं रक्त कमी होतं, म्हणजे बीज ठेवलं तरी बाळ धरणारी जागा राहत नाही. ओव्हरी दुर्बिणीने उचलून वर, शेकाच्या बाहेर बांधून ठेवता येते हे मला नंतर एका पेशंटकडून कळलं. माझ्यात शक्य होतं की नव्हतं ते माहीत नाही, पण विचारता आलं असतं. आणि अगदी सुरुवातीचा असेल तर नुसतं गर्भपिशवीचं तोंड काढून पिशवी ठेवतात, त्यांना नंतर मुलं होतात, म्हणून बायांनो तपासणी करून घ्या, अंगावर पांढरं जातंय म्हणून दुर्लक्ष करू नका, मी वर्षभर केलं.

पाळी गेली ती ३३ व्या वर्षी. रात्री अंगातून वाफा, चिडचिड, सांधे दुखायचे, लोक म्हणायचे केमोची गरमी आहे ताक पी. ती गरमी नव्हती, पाळी जाण्याचा चेंज होता. दोन वर्षांनी एका डॉक्टर बाईने हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या तेव्हा माणसात आले. माझ्या प्रकारच्या कॅन्सरमध्ये त्या चालतात, ब्रेस्टवाल्यांना नाही चालत, लक्षात ठेवा. ताई, मूल होवो न होवो, हाडं आणि ह्या सगळ्याचंही विचारून ठेवा बहिणीसाठी.

एक_बाबा_सिन्नर

माझी मुलगी ९ वर्षांची आहे, ब्लड कॅन्सर, ए.एल.एल., केमो चालू होऊन सात महिने. हे सगळं वाचून धसका बसला. तिचं काय? आम्हाला तर काहीच ठेवता आलं नाही.

केमोवॉर्डची_सिस्टर

बाबा, घाबरू नका. ए.एल.एल. ची नेहमीची केमो ओव्हरीला त्यामानाने कमी त्रासाची असते, ह्या मुली मोठ्या होऊन आया झालेल्या मी पाहिल्यात, एक तर बारशाचे पेढे घेऊन वॉर्डात आली होती. धोका वाढतो तो बोन मॅरो ट्रान्सप्लांट करावं लागलं तर, त्याच्या आधीची औषधं आणि अंगभर शेक फार कडक असतो. तशी वेळ आली तर त्याआधी विचारा. पाळी न आलेल्या मुलीची बीजं इंजेक्शनं देऊन काढता येत नाहीत, ओव्हरीचा तुकडा काढून गोठवतात, पण ब्लड कॅन्सरमध्ये त्या तुकड्यातून आजार परत अंगात जायची भीती असते म्हणून तो परत बसवायला डॉक्टर कचरतात. तुम्ही आत्ता एवढंच करा, औषधांची नावं आणि डोस लिहिलेला कागद जपून ठेवा, ती वयात आली की लागेल. पाळी वेळेवर येते का बघा आणि मोठी झाली की तिला स्वतःला सगळं सांगा.

आणि पिंपळगावची ताई, दोन गोष्टी राहिल्या. एक, गोसेरेलिनचं इंजेक्शन, पोटावर दर २८ दिवसांनी, केमोच्या निदान आठवडाभर आधी सुरू करतात, ओव्हरीला झोपवून ठेवतं. त्याने थोडा बचाव होतो, पण बीजं ठेवण्याऐवजी हे असं समजू नका, सोबत म्हणून घ्यायचं. दुसरं, २९ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर म्हणजे बी.आर.सी.ए. ची, म्हणजे घराण्यातून येणारा दोष बघायची जीन तपासणी करायला सांगतील. तिच्यात निघाला दोष तर तुझ्यातही असण्याची शक्यता निम्मी, तेव्हा तूही कर. आणि तिला केमोत पाळी नाही आली तरी दिवस राहू शकतात, हे नवरा-बायको दोघांना नीट सांग. हार्मोनच्या गोळ्या तिला चालणार नाहीत, निरोध किंवा तांबी.

बहिणीला विचारलंस का?

पिंपळगावची_ताई

विचारलं. काल रात्री ओझरला गेले, तिच्या खोलीत दोघीच बसलो. सिस्टर तुम्ही बरोबर बोललात, मी महिनाभर तिच्यासाठी धावतेय पण तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. ती आधी काहीच बोलली नाही, मग म्हणाली ताई, मला रोज सगळे विचारतात जेवलीस का, दुखतंय का, हे कोणी विचारलं नाही. हवंय मला. पण केमो महिनाभर पुढे जाणार असेल तर नको, पंधरा दिवसात होत असेल तर करायचं. आणि बीजंच ठेवायची, हे तिने स्वतः सांगितलं, मी मुंबई नाक्याच्या ताईंचं वाचून दाखवायच्या आधीच.

जावई दारात उभे होते, मला वाटलं रागावतील. ते म्हणाले सुई कशी द्यायची ते मी शिकतो, कंपाऊंडरकडे रोज नको जायला. एवढंच बोलले.

आज सकाळी कॅन्सरच्या डॉक्टरांना परत भेटलो, ह्या वेळी तिनेच विचारलं. चार दिवस पुढे चालेल म्हणाले आणि चिठ्ठी पण दिली. दुपारी सेंटरला जाऊन आलो, नोंदणी नंबर बघितला, ए.एम.एच. चं रक्त दिलं, इंजेक्शन उद्यापासून. बाबांनी व्यापाऱ्याकडून मालावर उचल घेतली. आई अजून रडतेय पण सोबत येते म्हणाली. सासूबाईंना लेट्रोझोलचं सांगितलं, त्या म्हणाल्या डॉक्टरच म्हणतात तर घ्या.

एक शंका आहे, ही इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलीत, ओझरला लाईट जाते दुपारची दोन-तीन तास. आणि नाशिकहून नेताना काय करायचं?

केमोवॉर्डची_सिस्टर

फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची, दारात नाही आणि बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नाही, गोठलं की वाया. लाईट गेली की फ्रिज उघडायचा नाही, दोन-तीन तास गारवा राहतो. नेताना बर्फाच्या पिशव्या टाकून डबा, पण औषध बर्फाला चिकटू द्यायचं नाही, मध्ये रुमाल. रोज एकाच वेळेला द्यायचं, जावयांना मोबाईलला गजर लावायला सांग.

मुंबईनाका_९०

माझ्याकडे त्या वेळचा छोटा आईस बॉक्स पडून आहे, बर्फाच्या पिशव्यांसकट. उद्या सोनोग्राफीला याल तेव्हा घेऊन जा, मी सकाळी घरीच आहे.

पिंपळगावची_ताई

येते ताई. साडेनऊची वेळ दिलीये, त्याआधी येऊ का? तिला पण आणते.